लाल पाइप आणि पुढचा माणूस

ट्रेलर जोडताना चालक जितके लक्ष देतो तितके तो ट्रेलर सोडताना देत नाही, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. कारण उघड आहे. जोडलेला ट्रेलर पाठीमागे घेऊन त्याला रस्त्यावर उतरायचे असते, आणि जोडणी कच्ची राहिली तर पहिला फटका त्यालाच बसणार असतो. सोडलेला ट्रेलर मात्र आवारात उभा राहतो आणि चालक निघून जातो. शिवाय सोडण्याची वेळ बहुधा फेरीच्या शेवटी येते. तेव्हा अंग आंबलेले असते, मन केव्हाच घरी पोचलेले असते, कागदांवर सही-शिक्का घेणे बाकी असते, आणि ट्रेलर सोडणे हे काम न वाटता कामाचे शेपूट वाटू लागते. वाईट सवयी नेमक्या अशा शेपटातच घर करतात.

एका मोठ्या आवारातल्या गाड्यांवर देखरेख ठेवणे आणि नव्या चालकांना जोडणे-सोडणे शिकवणे हे माझे काम. ते करताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. ट्रेलर सोडताना केलेली हयगय ज्याची त्याला क्वचितच भोवते. ती उभ्या ट्रेलरमध्ये तशीच राहते आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी तो ट्रेलर न्यायला आलेल्या दुसऱ्याच माणसावर उलटते. ज्याने पार्किंग ब्रेक लावला नाही, ज्याने ट्रेलर हवा त्यापेक्षा उंच ठेवला, त्याच्या कानावर पुढची हकीकत जातेच असे नाही. त्याच्या लेखी सगळे नेहमीसारखे पार पडलेले असते, आणि जी सवय कधी अंगाशी येत नाही ती अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी रचना सांगायला हवी. सेमी-ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचा पुढचा भार ओढणाऱ्या गाडीच्या, म्हणजे घोड्याच्या, पाठीवर बसवलेल्या फिफ्थ व्हील नावाच्या जाड पोलादी तबकडीवर टेकलेला असतो. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली किंगपिन नावाची एक पोलादी खुंटी असते. घोडा मागे घेतला की ती तबकडीच्या खाचेत शिरते आणि आतले जबडे तिच्या मानेभोवती मिटतात. नेहमीच्या वापरातल्या किंगपिनची ही मान २ इंच, म्हणजे सुमारे ५१ मिलिमीटर, जाड असते. फार अवजड वाहतुकीसाठी साडेतीन इंची पिन वापरतात. तीस-पस्तीस टनांचे धूड त्या २ इंचांच्या भरवशावर चढ चढते आणि उतार उतरते. घोडा निघून गेल्यावर ट्रेलरचे पुढचे टोक पेलण्यासाठी दोन पाय असतात, जे हँडल फिरवून खाली-वर करता येतात. याखेरीज घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये हवेचे दोन पाइप आणि विजेच्या केबली असतात. सोडणे म्हणजे एवढ्याच गोष्टी ठरलेल्या क्रमाने मोकळ्या करणे.

या सगळ्यांत लाल पाइपाविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. हवेच्या दोन पाइपांपैकी लाल पाइपातून ट्रेलरवरच्या टाकीला सतत हवा पुरवली जाते. दुसरा पाइप युरोपात पिवळा आणि उत्तर अमेरिकेत निळा असतो. चालकाने पायाने दाबलेल्या ब्रेकचा इशारा त्यातून मागे पोचतो. लाल पाइप सुटला किंवा फुटला की ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ही कल्पना रेल्वेतून आलेली आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या १८६९ च्या पहिल्या एअरब्रेकमध्ये पाइपातला दाब वाढवून ब्रेक लावले जात, त्यामुळे पाइप फुटला तर सगळी गाडी ब्रेकविना उरत असे. १८७२ मध्ये त्यांनी तीच रचना उलटी केली. पाइपात दाब कायम ठेवायचा आणि तो घटला की प्रत्येक डब्यावरच्या टाकीतल्या हवेने ब्रेक लागायचे, असा नवा न्याय आला. धावत्या गाडीपासून ट्रेलर तुटलाच तर तो मोकाट सुटू नये, एवढ्यासाठी हाच न्याय पुढे ट्रेलरलाही लावला गेला.

चालकांनी त्यातून स्वतःच्या सोयीचा अर्थ काढला. लाल पाइप काढला की ब्रेक लागतातच, मग पार्किंग ब्रेकचे बटण ओढायला ट्रेलरच्या बाजूने चालत कशाला जायचे? पाइप उपसताना जो फुस्स असा मोठा आवाज होतो आणि त्यापाठोपाठ मागच्या आसांकडून ब्रेक आवळल्याचा जो धक्का ऐकू येतो, तो या कामातला फार दिलासा देणारा आवाज आहे. तो कानावर पडला की ट्रेलर जागच्या जागी खिळला, अशी चालकाची खात्री पटते. त्या क्षणापुरती ती खात्री बरोबरही असते. पण पार्किंगचे वेगळे बटण असलेल्या अनेक ट्रेलरांवर त्या वेळी चाके धरून ठेवणारी शक्ती टाकीतल्या हवेची असते. वॉशर झिजलेला असतो, सांध्यातून बारीक गळती असते, आणि टाकीतली हवा जसजशी ओसरते तसतशी चाकांवरची पकडही ओसरते. बटण ओढल्यावर लागणारा ब्रेक निराळ्या जातीचा असतो. त्यात ब्रेकच्या डब्यातली दणकट स्प्रिंग, जिला एरवी हवेच्या दाबाने मागे रेटून ठेवलेले असते, मोकळी होऊन ब्रेक दाबून धरते. स्प्रिंगला गळती नसते. ट्रेलर आठवडाभर उभा राहिला तरी तिची पकड तीच राहते.

तरीही हवा ओसरून ट्रेलर आपसूक घरंगळणे हा या सवयीचा मोठा धोका नव्हे. मोठा धोका हवा परत येते तेव्हा असतो. दुसरा चालक येतो, घोडा मागे घेऊन किंगपिन अडकवतो, उतरतो, केबिन आणि ट्रेलर यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर चढतो आणि लाल पाइप जोडतो. ट्रेलरला हवा मिळते, पाइप सुटल्यामुळे लागलेला ब्रेक सुटतो, आणि आधीच्या चालकाने बटण ओढलेले नसेल तर त्या क्षणापासून ट्रेलरची सगळी चाके मोकळी होतात. आता सगळा भरवसा घोड्याच्या हॅण्डब्रेकवर उरतो. तोही घाईत लावायचा राहिला असेल, तर जोडलेले पूर्ण वाहन हलू लागते आणि ज्याने त्याला हवा दिली तो माणूस दोन्हींच्या मध्ये उभा असतो. यासाठी उतार लागतो तो डोळ्यांना दिसेल इतकाही नसतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून आवाराला दिलेला ढाळही पुरतो. इंजिन बंद असल्याने फरक पडत नाही, कारण गिअर न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिन कशालाच अडवत नाही.

एकाने बटण ओढलेले नसते आणि दुसऱ्याने हॅण्डब्रेक लावलेला नसतो, पण या दोन चुका सुट्या असताना कोणतीच कधी दिसून येत नाही. बटण न ओढणाऱ्याला पुढच्या चालकाचा हॅण्डब्रेक सांभाळून घेतो, आणि हॅण्डब्रेक विसरणाऱ्याला मागच्या चालकाने ओढलेले बटण. दोघेही वर्षानुवर्षे असे एकमेकांच्या आधारावर चालत राहतात आणि दोघांनाही वाटत राहते की आपली पद्धत बरोबर आहे. ज्या दिवशी या दोन सवयींची गाठ पडते, त्या दिवशी सावरायला तिसरे कोणी नसते.

गाडी हलू लागली की चालक काय करतो, हे मला या विषयातले सर्वांत दुःखद वाटते. तो धावतो. दार उघडे असते, पायरी समोर असते, आणि आपण चढून ब्रेक दाबू शकू असे त्याला वाटते. दार आणि शेजारी उभी असलेली दुसरी गाडी यांच्या मधोमध तो सापडतो, किंवा पायरीवरून घसरून चाकाखाली जातो. नव्या चालकांना मी हे आधीच आणि स्पष्ट सांगून ठेवतो: गाडी सुटली तर बाजूला व्हायचे आणि ओरडून इतरांना सावध करायचे, तिच्यामागे जायचे नाही. ऐकताना सगळे माना डोलावतात, पण प्रसंगी शरीर काय करील याची हमी कोणीच देऊ शकत नाही, म्हणून तो प्रसंगच येऊ न देण्यावर माझा सारा भर असतो. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेच्या सूचनांचा रोखही तोच आहे. घोड्याचा हॅण्डब्रेक लावा, इंजिन बंद करा, चावी काढा, ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लागला आहे याची खात्री करा आणि मगच पाइपांना हात लावा. चावी काढण्याचा मुद्दा अनेकांना अनाठायी वाटतो. मला तो फार शहाणपणाचा वाटतो, कारण चावी काढायला हात पुढे जातो तेव्हा हॅण्डब्रेक नजरेच्या टप्प्यात येतो, आणि चावी खिशात असली की दुसरे कोणी गाडी हलवू शकत नाही.

पाइप कोणता आधी जोडायचा, यावरही चालकांत वाद होतात. जर्मनीत शिकवली जाणारी पद्धत मला पटते: जोडताना आधी पिवळा आणि मग लाल, सोडताना आधी लाल आणि मग पिवळा. लाल पाइप जोडताच ट्रेलर मोकळा होणार असेल, तर त्याआधी ब्रेकचा इशारा नेणारा पाइप जागेवर असलेला बरा. सोडताना त्याच कारणाने उलटा क्रम. अर्थात पार्किंगचे बटण ओढलेले असेल तर या वादाला फारसा अर्थ उरत नाही, आणि ते ओढलेले नसेल तर नुसता क्रम कोणाला वाचवील असेही नाही.

त्या बटणाच्या शेजारी पुष्कळ ट्रेलरांवर आणखी एक बटण असते. लाल पाइप न जोडता आवारातल्या आवारात ट्रेलर हलवायचा असेल, तर ते वापरून पाइप सुटल्यामुळे लागलेला ब्रेक सोडवता येतो. पार्किंगचे बटण सहसा लाल आणि हे निळे किंवा काळे असते. पण चिखलाने माखलेल्या चौकटीत, रात्रीच्या अंधारात, हातमोजे घातलेल्या बोटांना रंग कळत नाही. मी बॅटरी मारून बघायला सांगतो. एका चालकाने हाताने चाचपून नेमके उलटे बटण हलवले होते आणि ट्रेलर पक्का उभा आहे असे समजून तो निघाला होता. सुदैवाने जागा अगदी सपाट होती. त्या दिवशी आवारातल्या जुन्या मंडळींनी 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती' असे म्हणून विषय मिटवला. या म्हणीचा मला अशा वेळी राग येतो. एकदा नशिबाच्या खात्यावर टाकलेल्या घटनेची नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही की तिच्यातून कोणी काही शिकतही नाही.

आता पायांकडे वळू. ट्रेलर सोडून जाणारा चालक पाय किती खाली करतो यावर पुढच्याची सगळी जोडणी अवलंबून असते. पायांची उंची ही मागच्या चालकाने पुढच्यासाठी ठेवलेली चिठ्ठी असते, असे मी नेहमी म्हणतो. ट्रेलरची खालची पाटी फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली असावी, म्हणजे घोडा मागे सरकताना तबकडी तिला उचलत आत शिरते आणि पिन बरोबर जबड्यांच्या पातळीवर येते. ट्रेलर फार उंच ठेवला तर घोडा आरामात त्याच्याखाली शिरतो, कुठे ठेच लागत नाही, आणि पिन जबड्यांच्या वरून निघून जाते किंवा तिचे केवळ टोक कशात तरी अडकते. वरून पाहणाऱ्याला ट्रेलर जोडला गेल्यासारखा वाटतो. पहिल्या मोठ्या ब्रेकला तो पुढे सरकून केबिनच्या पाठीवर आदळतो, किंवा पहिल्या वळणावर घोड्याला सोडून आपल्या वाटेने जातो. ट्रेलर फार खाली ठेवला तर घोड्याची चासी त्याच्या कपाळावर धडकते. तो आवाज निदान लपून राहत नाही.

म्हणूनच जोडणाऱ्याने खाली वाकून, बॅटरीच्या उजेडात, जबडे पिनच्या मानेभोवती मिटले आहेत की नाहीत आणि तबकडी व पाटी यांच्यामध्ये फट दिसते का, हे प्रत्यक्ष पाहायला हवे. पिन सोडवण्याची कडी जागेवर बसल्याचा आवाज आला, एवढ्यावर समाधान मानायचे नाही. मग ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून घोडा हलकेच पुढे ओढून पाहायचा. ही ओढून पाहण्याची परीक्षा आवश्यक आहे, पण ती डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण चुकीच्या जागी अडकलेली पिनही एखादा हलका हिसका सहन करून जाते.

पाय खाली करण्याच्या हँडलला दोन गती असतात. पाय जमिनीला टेकेपर्यंत वेगवान गती वापरायची, आणि भरलेला ट्रेलर असेल तर टेकल्यानंतर संथ गतीत आणखी काही फेरे द्यायचे, म्हणजे घोड्यावरचा थोडा भार पायांवर येतो आणि पिन सोडवणे हलके जाते. ट्रेलर तबकडीवरून उचलला जाईल इतके फेरे मात्र द्यायचे नाहीत. घाईतले चालक टेकल्यानंतरही वेगवान गतीतच जोर लावत राहतात. भार अंगावर आलेले हँडल हातातून सुटले की उलट फिरते, आणि ज्याचे मनगट किंवा जबडा त्याच्या वाटेत आला त्याला ते आयुष्यभर आठवते. काम झाल्यावर हँडल मोकळे लोंबकळत न ठेवता त्याच्या खोबणीत अडकवायचे असते. मी ज्यांना ओळखतो त्यांच्यातले कितीतरी जुने चालक खांद्याची तक्रार सांगतात. या पायांचा आणि जाम झालेल्या कडीचा त्यात वाटा असणार असे मला वाटते.

पायांखालची जमीन हा निराळा विषय आहे. उन्हात तापलेल्या डांबरावर भरलेला ट्रेलर दुपारी नीट उभा दिसतो आणि रात्रीपर्यंत त्याचा एक पाय डांबरात रुतलेला असतो. मातीचे तर सांगायलाच नको. जाड फळी किंवा पोलादी पाटा पायाखाली ठेवायला मिनिट लागत नाही, पण तो पाटा गाडीबरोबर असावा लागतो. दुसरी गोष्ट चालकाच्या हातात नसते. पाय ट्रेलरच्या अगदी पुढच्या टोकाला नसून बरेच मागे असतात, त्यामुळे घोड्याविना उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये माल उतरवताना मागचा माल आधी संपला आणि फोर्कलिफ्ट उरलेल्या मालापर्यंत पुढे गेली, की सगळे वजन पायांच्या पुढे जमा होते आणि ट्रेलर नाकावर आपटू शकतो. जिथे असे काम चालते तिथे ट्रेलरच्या नाकाखाली वेगळा आधार उभा करायला हवा.

पिन सोडवण्याच्या कडीशी तर प्रत्येक चालकाची केव्हा ना केव्हा झुंज होते. ती ओढली जात नाही. चालक पाय रोवून, पाठ वाकडी करून हिसके देतो, मग लोखंडी पाइप शोधून आणतो, मग कोणाला तरी मदतीला बोलावतो. सर्वांत वाईट सवय इथेच दिसते: एक जण कडी ओढून धरतो आणि दुसरा केबिनमध्ये बसून घोडा मागे-पुढे हलवतो. कडी धरणाऱ्याचे पाय तेव्हा मागच्या चाकांपासून वीतभर अंतरावर असतात. वास्तविक कडी अडण्याचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे पिन जबड्यांवर ताणलेली असते. ट्रेलरचे ब्रेक लावायचे, घोडा हळूच मागे दाबायचा आणि त्या दाबातच घोड्याचा हॅण्डब्रेक लावायचा, की ताण जातो आणि मग कडी एका हाताने येते. त्यासाठी घोडा आणि ट्रेलर एका रेषेत असावे लागतात. वाकड्या अवस्थेत सोडायला गेलो तर जबडेही ओढले जातात आणि पायांवरही आडवा जोर येतो. ताकद लावावी लागते आहे म्हणजे आधीची एखादी पायरी चुकली आहे, एवढे ज्याला कळले त्याची पाठ म्हातारपणी शाबूत राहते.

कडी सुटल्यावर एकदम पुढे निघून जाणे हीही एक सवयच. घोडा थोडा पुढे घेऊन, त्याची चासी अजून ट्रेलरखाली असतानाच थांबायचे, उतरायचे आणि पाय भार पेलत आहेत का ते पाहायचे. पाय रुतला किंवा मोडला तर ट्रेलर जमिनीवर न आपटता चासीवर टेकतो. हवेच्या सस्पेन्शनचा घोडा असेल तर याच थांब्यात मागची उंची कमी करायची असते, नाहीतर अंगावरचा भार निघताच चासी वर उसळते आणि ट्रेलरच्या पोटाला खालून लागते. या थांब्याला चालक वैतागतात, कारण तो थांबा नव्याण्णव वेळा निरुपयोगी ठरतो.

पट्टीवरून उडी मारून उतरणे, तेलकट झालेल्या जाळीवर चपला घालून चढणे, सुटलेल्या केबली तशाच लोंबत ठेवणे या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांनी माणसे जायबंदी होतातच. त्यावर आणखी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

क्रमाविषयी मात्र लिहायला हवे. सोडण्याच्या पायऱ्या इतक्या सोप्या आहेत की त्या कोणी विसरेल असे वाटत नाही, आणि खरोखरच माहीत नसल्यामुळे चुकणारा चालक मी क्वचितच पाहिला आहे. चूक होते ती मध्येच तुटलेल्या कामात. पाय खाली करायला निघाले की फोन वाजतो, गोदामातला माणूस हाक मारतो, शेजारच्या गाडीला वाट द्यावी लागते. परत आल्यावर हात जिथे थांबले होते त्याच्या पुढच्या पायरीपासून सुरू होतात, आणि ट्रेलर गुडघ्यांवर कोसळतो, कारण पाय खाली केलेच नव्हते. किंवा कडी सुटलेली असते आणि पाइप तसेच जोडलेले असतात, आणि घोडा निघतो तेव्हा ते मुळासकट उपटले जातात. व्यत्यय आला की पहिल्यापासून सुरुवात करायची, म्हणजे हॅण्डब्रेकपासून एकेका गोष्टीला हात लावत पुन्हा यायचे, एवढा एकच नियम मी या बाबतीत सांगतो. लोक हसतात, पण काही जण पाळतात.

हॅण्डब्रेक न लावता दार उघडले तर वाजणारा गजर आता पुष्कळ घोड्यांवर असतो, आणि काही नव्या घोड्यांवर ब्रेक आपोआपच लागतो. चांगलीच गोष्ट आहे. मात्र दोन प्रकारच्या गाड्या आलटून-पालटून चालवणाऱ्याला आपोआप लागणाऱ्या ब्रेकची सवय जडते आणि जुन्या गाडीतून तो तशाच निर्धास्तपणे उतरतो. गजराचेही तसेच आहे. आवारात सतत वाजणारी वस्तू काही दिवसांनी ऐकू येईनाशी होते, आणि तिचा फ्यूज काढून ठेवणारे महाभागही भेटतात.

अपघातानंतर चालकाचा निष्काळजीपणा असा शेरा मारून कागद बंद करणे सोपे असते. मला तो शेरा अपुरा वाटतो. केबिनमागची जागा इतकी अरुंद असलेले घोडे घेतले जातात की माणूस तिथे उभाच राहू शकत नाही. मग किंगपिन पूर्ण अडकवण्याआधी घोडा अर्धवट मागे घेऊन थांबायचे, मधल्या फटीत शिरून पाइप जोडायचे आणि नंतर उरलेले अंतर मागे जायचे, अशी पद्धत चालकाला नाइलाजाने स्वीकारावी लागते. ज्या क्षणी तो पाइप जोडतो त्या क्षणी घोडा आणि ट्रेलर एकमेकांना अडकलेलेही नसतात. ही निवड चालकाची नसते. गाडी विकत घेणाऱ्याने ती त्याच्यावर लादलेली असते. उतारावर आखलेल्या जागा, अपुरे दिवे, खिडकीतून डोकावत लवकर निघा म्हणणारा माणूस, यांतले काहीच चालकाच्या हातात नसते.

चालकाला केबिनमधून उतरू न देता हवेचे आणि विजेचे जोड आपोआप जुळवणाऱ्या कपलिंग आता बाजारात आहेत. बंदरांत आणि मोठ्या आवारांत फिफ्थ व्हील वर उचलू शकणारे खास घोडे वापरतात, ज्यांना पायांना हात लावावाच लागत नाही. परंतु आपोआप जोडणाऱ्या कपलिंगसाठी घोडा आणि ट्रेलर दोघेही त्याच पद्धतीचे असावे लागतात, आणि आमच्यासारख्या आवारात ट्रेलर एकाचा, घोडा दुसऱ्याचा, चालक तिसऱ्याचा अशी मिसळ रोजचीच असते. त्यामुळे हे काम हातांनीच होत राहणार, असे मी धरून चालतो.

पार्किंगचे बटण ओढायचे का राहते, याचे उत्तर मला शेवटी चालण्याच्या वाटेत सापडले. पुष्कळ ट्रेलरांवर ते मागच्या चाकांजवळ, चासीच्या आतल्या बाजूला असते. सोडणाऱ्याची सगळी कामे पुढच्या टोकाला आटोपतात. केवळ त्या एका बटणासाठी त्याला ट्रेलरच्या अर्ध्याहून अधिक लांबी चालून परत यावे लागते, आणि पावसात, अंधारात ती चाल टळते. हल्ली नव्या ट्रेलरची मागणी नोंदवताना माझे मत विचारतात, तेव्हा रंग आणि टायर यांविषयी मी काही बोलत नाही. पार्किंगचे बटण ज्या बाजूला पायांचे हँडल आहे त्याच बाजूला, हँडलच्या शेजारी, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर बसवून द्यावे, एवढे मी लिहून देतो. काही बनवणारे ते मुकाट्याने करून देतात, काही जण वाढीव नळीचे वेगळे पैसे लावतात आणि हिशेबनीस मला त्याचे कारण विचारायला येतो.